शिक्षक आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांचं मानवी हक्क प्रशिक्षण: अडीच दिवसांची आखणी आणि त्यानंतरचे सहा आठवडे

मानवी हक्कांच्या प्रशिक्षणाचा एक ठरलेला साचा आहे. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण, कलमांची यादी, जेवण, प्रमाणपत्र. सहभागी घरी जातात, वर्गात तीच छडी चालू राहते आणि पोलीस ठाण्यात तेच "उद्या या" ऐकून माणसं परत फिरतात. संविधानाचं समानतेचं कलम १४ पाठ असलं तरी कचेरीच्या टेबलासमोर उभं राहिल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, कारण त्या प्रसंगाचा सराव कधी झालेलाच नसतो. म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करा. प्रशिक्षणानंतर सहा आठवड्यांनी प्रत्येकाच्या हातात दोन गोष्टी असायला हव्यात: एका खऱ्या अर्जाची शिक्का मारलेली पोच, आणि स्वतःच्या वर्गात, अंगणवाडीत किंवा बैठकीत केलेला एक बदल. जे सत्र यांपैकी कशालाच हातभार लावत नाही, ते काढून टाका.

संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मानवी हक्क शिक्षणविषयक जाहीरनाम्यात या कामाचे तीन भाग सांगितले आहेत: हक्कांविषयी शिकणं, हक्कांचा मान राखला जाईल अशा पद्धतीनं शिकणं, आणि हक्क बजावण्यासाठी शिकणं. आपल्याकडची बहुतेक शिबिरं पहिल्या भागातच संपतात. खालची आखणी महाराष्ट्रातल्या एका तालुक्यासाठी आहे. शहरी वस्तीत कचेऱ्यांची नावं बदलतील, पद्धत तीच राहील.

गट, तारखा, जागा

२४ ते २८ जण घ्या. त्याहून जास्त झाले तर अर्ज लिहिण्याच्या सत्रात प्रत्येकाचा कागद तपासून होत नाही. निम्मे शिक्षक, बाकीच्यांत आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका, वनहक्क समितीचे सदस्य, वस्तीतली तरुण मुलं. निम्म्याहून अधिक स्त्रिया हव्यात. एका गावातून एकटं माणूस बोलावू नका. एक शिक्षक आणि एक कार्यकर्ता अशी जोडी असली तर परत गेल्यावर काम टिकतं. एकट्यावर दबाव आला की तो गप्प बसतो. सगळे एकाच तालुक्यातले असावेत, म्हणजे पंचायत समिती, तहसील आणि पोलीस ठाणं सर्वांचं एकच असतं आणि एकानं शोधलेली वाट दुसऱ्याला लगेच कामी येते.

शिक्षकांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र किमान तीन आठवडे आधी मिळवा आणि त्यात "हा कालावधी कर्तव्यकाळ धरण्यात यावा" हे वाक्य मागून घ्या. ते नसेल तर शिक्षकाला किरकोळ रजा खर्चावी लागते आणि दुसऱ्या दिवशी गट अर्धा होतो. अंगणवाडी सेविकांसाठी असंच पत्र बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडून घ्या. जून शाळा सुरू होण्याचा आणि पेरणीचा, फेब्रुवारी-मार्च परीक्षांचा. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर वस्त्याच रिकाम्या होतात, तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपती सोडून तारखा धरा.

जागा निवडताना मालक कोण हे विचारा. गावातल्या एखाद्या वादात जो पक्षकार आहे त्याच्या मंगल कार्यालयात कुणीही मोकळं बोलणार नाही. पायऱ्या नसलेलं सभागृह, कडी लागणारं स्वच्छतागृह आणि तान्ह्या मुलांसाठी एक वेगळी खोली, तिथे सांभाळायला एक बाई. ही खोली नसेल तर तरुण आया येणारच नाहीत. बसायला गोल. व्यासपीठ नको, हार-तुरे नकोत.

जेवण हेही एक सत्रच आहे. एकच पंगत ठेवा आणि वाढायची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिल्या दिवशी एखाददुसरा जण "उपवास आहे" म्हणून आपला डबा काढतो. त्याला तिथल्या तिथे सर्वांसमोर छेडू नका. खरंच उपवास असेल तर त्याचा अपमान होतो, आणि नसेल तर तो पुढचे दोन दिवस मनानं बाहेरच राहतो. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पोषण आहाराच्या पंगतीवर बोलताना प्रश्न आपोआप येतो, तेव्हा तो सर्वांचा म्हणून घ्या.

दोन प्रशिक्षक पूर्ण वेळ हवेत, एक स्त्री आणि एक पुरुष, आणि त्यांपैकी किमान एक दलित, आदिवासी किंवा भटक्या-विमुक्त समाजातला. वकील फक्त अर्ध्या दिवसासाठी बोलवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी मागणी केली तर वकील आणि विधी स्वयंसेवक विनामूल्य येतात. पण वकिलांना आधीच सांगा की भाषण करायचं नाही, लोकांचे कागद तपासायचे आहेत.

सामान फार लागत नाही: २० चार्ट पेपर, मार्कर, रांगोळीची दोन पाकिटं, कोरे फूलस्केप कागद, रिकाम्या अर्जांच्या झेरॉक्स आणि दहा रुपयांची ३० कोर्ट फी तिकिटं. तिकिटं विसरू नका. ती हातात असली की अर्ज सराव म्हणून लिहिला जात नाही.

प्रशिक्षणाआधी प्रत्येकाला फोन करून एकच प्रश्न विचारा: "गेल्या वर्षभरात गावात कुणाचं काय अडलं?" उत्तरांतून सहा ते आठ प्रकरणं निवडा, नावं आणि ओळख पटेल अशा खुणा बदला, आणि अडीच दिवस तीच वापरा.

पहिला दिवस

सुरुवातीला गुप्ततेचा करार करा, पण अर्धवट वचन देऊ नका. "इथलं काही बाहेर जाणार नाही" असं सरसकट म्हणणं चूक आहे. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. हे पहिल्या दहा मिनिटांत स्पष्ट सांगा. नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विश्वासानं काही सांगून बसतं आणि मग प्रशिक्षकाला तो विश्वास मोडावा लागतो.

मग दहा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरपत्रिका जपून ठेवा; शेवटी तेच पुन्हा विचारायचे आहेत. यानंतर रांगोळीनं जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा, सव्वा तास. बायकांचा गट वेगळा, पुरुषांचा वेगळा. घरं, वस्त्या, पाणी, शाळा, स्मशानभूमी, रस्ता, दारूचं दुकान, बस थांबा. मग प्रत्येक गटाला तीन प्रश्न: कोणत्या वाटेनं कोण जात नाही? अंधार पडल्यावर कुठून कोण जात नाही? पाऊस आला की कुणाचा रस्ता तुटतो? दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की पुरुषांच्या नकाशात नसलेल्या जागा दिसू लागतात: शौचाला जायची जागा, छेडछाडीचा कोपरा, एकट्या बाईचं घर. इथे नेहमी होणारा बिघाड म्हणजे एखादा पुढारी माणूस रांगोळी हातात घेतो आणि बाकीचे बघत उभे राहतात. नियम करा की दर पाच मिनिटांनी हात बदलायचा.

दुपारी महाड. इतिहासाचा धडा म्हणून शिकवू नका, तारखांच्या पट्ट्या करून गटांकडून क्रमानं लावून घ्या. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला: सरकारी खर्चानं बांधलेली पाणवठ्यांची ठिकाणं, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पुढची तीन वर्षं तळ्यावर कुणीही जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परत येताना त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १९३७ मध्ये. पट्ट्या लावून झाल्या की विचारा: १९२४ ते १९२७ या काळात हक्क होता की नव्हता? यावर तासभर वाद चालतो आणि तो चालू द्यावा. मग त्यांच्याच नकाशाकडे वळा: तुमच्या गावात आज 'ठराव झालेला आहे पण तळ्यावर कुणी गेलेलं नाही' अशी कोणती गोष्ट आहे? आलेली उत्तरं चार्टवर लिहून भिंतीला लावा. तिसऱ्या दिवशीचे अर्ज याच यादीतून निघतात.

मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला (१० डिसेंबर १९४८, ३० कलमं) वीस मिनिटं पुरेत. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व मानव' हा शब्दप्रयोग यावा यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला होता, एवढं जरूर सांगा. हक्क ही बाहेरून आलेली कल्पना आहे, हा आक्षेप प्रत्येक गटात निघतो आणि त्याला एवढं उत्तर पुरतं.

संध्याकाळी कार्डांचा खेळ. 'दया', 'सवय', 'हक्क' असे तीन कोपरे. कार्डांवर वाक्यं: दिवाळीला गरिबांना कपडे वाटणं, दाखला नसलेल्या मुलाला शाळेत प्रवेश, ग्रामसभेत बाईला बोलू देणं, अपंग मुलासाठी उतार, वीटभट्टीवर उचल फिटेपर्यंत मजुराला गाव सोडू न देणं. कार्ड 'हक्क' कोपऱ्यात ठेवणाऱ्यानं तीन उत्तरं द्यायची: कुठल्या कायद्यानं, कुठल्या कचेरीत, किती दिवसांत. दाखल्याच्या कार्डाचं उत्तर शिक्षकांनाही बऱ्याचदा येत नाही: शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून, आणि कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून, प्रवेश नाकारता येत नाही. भट्टीच्या कार्डावर सहसा शांतता पसरते. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली आणि तिच्यापोटीचं कर्जही संपुष्टात आलं, हे तिथे सांगा.

दुसरा दिवस: आधी स्वतःचा वर्ग

शिक्षकांना बाहेरच्या अन्यायावर बोलायला आवडतं. म्हणून सकाळ त्यांच्याच वर्गाला द्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. "आम्ही मार खाऊनच शिकलो" हे वाक्य येणारच. त्यावर उपदेश करू नका. प्रत्येकाला कागदावर, नाव न घालता, स्वतः खाल्लेल्या एका माराची आठवण आणि त्यानंतर त्या विषयाचं काय झालं ते लिहायला सांगा. कागद गोळा करून वाचून दाखवा. नंतर मात्र पर्याय द्यायलाच हवा, कारण दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाची अडचण खरी असते: मुलांनीच केलेले पाच नियम, गोंधळ होण्याच्या वेळेची आठवडाभर नोंद, जागा बदलणं, एकट्यानं बोलणं.

मग दिवसभराच्या नेहमीच्या गोष्टींची तपासणी: पाणी कोण भरतं, झाडू कुणाच्या हातात येतो, मागच्या बाकावर कोण, कोणाला टोपणनावानं हाक मारली जाते. शिष्यवृत्तीची कागदपत्रं गोळा करताना "एससी-एसटीची मुलं उभी राहा" असं भर वर्गात म्हटलं जातं. यात वाईट हेतू नसतो, पण मूल त्या दिवसापासून वर्गात जातीनं ओळखलं जातं. यादी वर्गशिक्षकाकडे असते; मुलांना एकेक करून बोलावता येतं. अशी एक सवय निवडून ती कशी बदलणार ते शिक्षकानं लिहून द्यायचं.

मुलानं अत्याचाराबद्दल सांगितलं तर काय करायचं, याचा सराव दोघादोघांच्या जोडीनं करा, पण प्रसंग न सांगता, फक्त शिक्षकाच्या प्रतिसादाचा. ऐकून घ्या. "नक्की का?" असं उलट विचारू नका. तपशील खोदू नका, ते काम पोलिसांचं. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख-वेळ घाला. १०९८ ला (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा पोलिसांना कळवा. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं नसतं. मुलाचं नाव, फोटो, शाळा कुठल्याही व्हॉट्सॲप गटावर टाकायची नाही. ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. आणि 'घरातलं प्रकरण आहे, मिटवून घेऊ' म्हणणाऱ्या बैठकीत बसू नका.

दुपारी पोलीस ठाणं. भूमिका चार: ठाणे अंमलदार, तक्रारदार, सोबत आलेला कार्यकर्ता, आणि वेळ व शब्द टिपणारा निरीक्षक. नाट्य बारा मिनिटं, चर्चा वीस. अंमलदार तक्रार घेत नाही, एवढाच प्रसंग. मारहाण किंवा अत्याचार स्वतः कधीही अभिनयात आणू नका. गटात तो सोसलेलं कुणी बसलेलं असू शकतं. नाटक संपलं की प्रत्येकानं आपलं खरं नाव मोठ्यानं सांगून भूमिका सोडायची. नाहीतर अंमलदार झालेल्याला जेवणापर्यंत टोमणे बसतात.

चर्चेत हे मुद्दे पक्के करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, जुनी कलमं सांगून फसू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कलम १७३ खाली द्यायची. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला या कारणावरून नाकारता येत नाही. तोंडी सांगितलं तर लिहून घेऊन वाचून दाखवायचं असतं, प्रत विनामूल्य मिळते. तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं १४ दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते; ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात मात्र अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम १८-अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी अशी चौकशी लागत नाही, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. नोंद नाकारली तर तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. टपालाची पावती जपून ठेवा, पुढच्या पायरीवर तीच मागतात.

तिसरी सकाळ: अर्ज

यासाठी सलग तीन तास ठेवा आणि कुठल्याही कारणानं त्यांत कपात करू नका. सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करता येते. १८८२ मध्ये त्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं, त्यात किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्यावं अशी नेमकी मागणी होती. कुणाला, कशासाठी, किती वयापर्यंत, हे सगळं त्यात आहे.

सहभागींच्या पहिल्या मसुद्यात बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: "तरी योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती." योग्य म्हणजे काय ते लिहिलेलं नाही, म्हणून कचेरीला काहीच करावं लागत नाही. त्याऐवजी: "ठाकरवाडीतील सहा वर्षांवरील अकरा मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा नाही. सोबत मुलांची यादी व अंतराचा नकाशा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार या तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा आणि तो लेखी कळवावा." कोण, कुठे, कधीपासून, कुठलं कलम, नेमकं काय हवं, किती दिवसांत. हे सहा खिळे बसले की अर्ज टेबलावरून सहज खाली पडत नाही.

माहिती अधिकारात "का" विचारू नका. "रस्ता का केला नाही?" याचं उत्तर देणं बंधनकारक नाही. "रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या नोंदींच्या प्रती द्या" हे मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत, दहा रुपयांचं तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला पुराव्याच्या प्रतीसह शुल्क माफ. उत्तर ३० दिवसांत, जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. दाखले, उतारे यांसारख्या सेवांसाठी मात्र २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम जास्त उपयोगी, कारण त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आणि जबाबदार अधिकारी ठरलेला असतो.

मानवी हक्क आयोगाचा अर्ज सर्वांना लिहावासा वाटतो, त्यातल्या त्यात मोठं दार म्हणून. तक्रार विनामूल्य आहे, वकील लागत नाही. पण घटनेला एक वर्ष उलटलं असेल तर आयोग चौकशी करू शकत नाही, खासगी भांडणात तो पडत नाही, आणि तो शिफारस करतो, शिक्षा देत नाही. लोकसेवकाकडून झालेला भंग किंवा त्याची हयगय असेल तिथेच ते दार ठोठवा.

प्रत्येक अर्ज दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख, सही. "साहेब बाहेर गेलेत" म्हटलं तरी आवक-जावक लिपिक तिथेच असतो. शिक्का मिळालाच नाही तर पोचपावतीसह टपालानं पाठवा.

जोखीम

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सेवेचे वर्तणूक नियम लागू असतात. त्यानं खात्याविरुद्ध पत्रकबाजी करावी अशी अपेक्षा धरू नका. यादी करणं, अंतर मोजणं, अर्ज वाचून देणं ही कामं त्याची. पुढे उभं राहणं पालकांचं किंवा शाळा व्यवस्थापन समितीचं. बालविवाहाच्या प्रकरणातही शिक्षकानं एकट्यानं मांडवात जाऊ नये. गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, त्याला लेखी कळवा आणि १०९८ ला फोन करा.

कार्यकर्त्यांसाठी चार सवयी: कचेरीत नेहमी दोघांनी जायचं, कुणाचीही मूळ कागदपत्रं आपल्याकडे ठेवायची नाहीत, पैसे हाताळायचे नाहीत, आणि पीडित व्यक्तीनं "नको" म्हटलं तर तिच्या नावानं पुढे जायचं नाही, मुलाच्या लैंगिक अत्याचाराचा अपवाद सोडून. जातपंचायत किंवा गावकीनं वाळीत टाकण्याची धमकी दिली तर तारीखवार नोंद ठेवा. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; क्रमांक १५१००. हा क्रमांक आणि ११२ (तातडीची मदत), १८१ (महिलांसाठी), १०९८ (मुलांसाठी) एका छोट्या कार्डावर छापून द्या.

सहा आठवडे

निरोपाच्या वेळी अभिप्रायाचे कागद वाटू नका, त्यात सगळे "छान झालं" लिहितात. त्याऐवजी पहिल्या सकाळी विचारलेले दहा प्रश्न पुन्हा विचारा आणि दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवा. प्रत्येक जोडीनं एक तक्ता भरायचा: कुठला अर्ज, कुठली कचेरी, कुठल्या तारखेला, सोबत कोण.

दहाव्या दिवशी फोन. प्रश्न एकच: अर्ज दिला का, पोच आहे का? अडलं असेल तर ते शब्दशः लिहून घ्या. अनेकदा शिक्का मागायलाच संकोच वाटलेला असतो, तेव्हा दुसऱ्या गावच्या जोडीला सोबत पाठवा. सहाव्या आठवड्यात एक दिवस सगळे पुन्हा जमतात, शक्यतो शनिवारी शाळा सुटल्यावर नव्हे, पूर्ण दिवस. सकाळी पोच आणि उत्तरं वाचायची, दुपारी पुढची पायरी लिहायची. माहिती अधिकाराचं उत्तर आलं नसेल किंवा अपुरं असेल तर मुदत संपल्यापासून किंवा उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं तिकीट. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. पहिलं अपील करायचं राहून गेलं की सहसा सगळं तिथेच थांबतं, म्हणून त्याचा मसुदा त्याच दिवशी पूर्ण करून, तिकीट लावून, सही घेऊनच माणसं घरी सोडा.